गेम बॉयची चाल फॅमिकॉमच्या चिपवर : तिसऱ्या चॅनेलचं काय करावं?

नादलहरी | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. गेले पाच आठवडे या एकाच गोष्टीने डोकं खाल्लंय, म्हणून आज सगळं सविस्तर मांडतो. जाणकारांनी हात द्यावा.

मी आणि माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी गेम बॉयसाठी एक छोटा गेम केला. संक्रांतीचे पतंग, चार गच्च्या, शेवटी एक भलामोठा पतंग काटायचा, एवढाच. संगीत माझं. चाल भुपाच्या स्वरांत आहे, सा पांढरी एक, लांबी ८० सेकंद आणि मग पुन्हा पहिल्यापासून. ह्यूजट्रॅकर या गेम बॉयचं संगीत रचायच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधली. आता तोच गेम आम्हाला लहानपणीच्या टीव्ही व्हिडिओ गेमवर आणायचाय. पिवळी कॅसेट फुंकून आत दाबायचो, तोच तो सेट, जपानी फॅमिकॉमची नक्कल. मावशीच्या माळ्यावर सापडला. अ‍ॅडॉप्टर बदलल्यावर चालूही झाला, तेव्हा आम्ही दोघं खरोखर नाचलो.

चित्रांचं काम भाऊ बघतोय. संगीत सोपं जाईल असं मला वाटलं होतं. फॅमिकॉम १९८३चा, गेम बॉय १९८९चा, दोन्ही निन्टेंडोचे. दोन्हीकडे चॅनेल, म्हणजे एका वेळी एक आवाज काढणारे भाग, चार : चौकोनी लहरींचे दोन पल्स, खाली एक तिसरा, आणि एक खरखर काढणारा नॉइज. फॅमिकॉमला वर पाचवा, सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) वाजवणारा डीएमसी. म्हणजे चाराचे पाच झाले, कमी तर नाही झाले ना!

स्वरांचं गणितही सरळ निघालं. गेम बॉयमध्ये २०४८ मधून रजिस्टरचा (चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागेचा) आकडा वजा केला की पिरियड मिळतो, आणि १,३१,०७२ला त्या पिरियडने भागलं की पल्सची कंपनसंख्या. फॅमिकॉममध्ये १७,८९,७७३ला आधी १६ने भागायचं, मग रजिस्टरच्या आकड्यात एक मिळवून त्याने. दोन्ही समोरासमोर ठेवले की एवढंच उरतं : गेम बॉयच्या पिरियडला ०.८५३४ने गुणा आणि एक वजा करा. तिसऱ्या चॅनेललाही हाच गुणक चालतो, कारण दोन्ही यंत्रांत तो तेवढ्याच आकड्याला पल्सच्या बरोबर एक सप्तक खाली बोलतो.

पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली, सगळी रजिस्टरं या गुणकातून काढली, फॅमिकॉमच्या एम्युलेटरवर (संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) लावली. स्वर सगळे जागच्या जागी. पण चाल माझी वाटेना! तीन गोष्टी अडल्यात :

मुखड्यातला खर्ज गायब झालाय. गेम बॉयवर तो वेव्ह चॅनेलवर होता, मी स्वतः काढलेल्या ३२ पायऱ्यांच्या लहरीवर. इथे त्रिकोणी लहर आहे, आकार ठरलेला, आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. अंतऱ्यात तर मुख्य सूरच वेव्ह चॅनेलवर होता, पेटीसारखा. तो आता कोणीतरी शीळ घातल्यासारखा येतो.

ध वर कंप दिला की दर वेळी टिक-टिक असा बारीक आवाज येतो. बाकीच्या स्वरांवर नाही, फक्त मध्य सप्तकातल्या ध वर.

आणि टाळ. नॉइज चॅनेलच्या धातूसारख्या आवाजावर मी टाळ केला होता. तो बेसूर झालाय. दोन्हीकडची रेकॉर्डिंगं सोबत जोडलीयत.

काय करावं?

चिपकार | शनिवार, रात्री ११:५२

ध ची टिक मी सांगतो, कारण यात माझाही एक अख्खा रविवार गेला होता.

तुमचा सा पांढरी एक, म्हणजे ध पांढरी सहा, ४४० हर्ट्झ. गेम बॉयवर पिरियड २९८ येतो, ४३९.८४ हर्ट्झ. तुमच्या गुणकाने फॅमिकॉमवर रजिस्टरचा आकडा २५३. आता कंप म्हणजे या २५३च्या आजूबाजूला तीन-चार घरं वर-खाली. खाली उतरताना तुम्ही २५६वर जाता. २५५ एका बाइटमध्ये मावतो, २५६ मावत नाही. मग वरचे बिट बदलावे लागतात, आणि ते पहिल्या पल्ससाठी ४००३ या रजिस्टरमध्ये असतात. ४००३ला नुसता स्पर्श झाला तरी लहर मधूनच तुटून पहिल्या पायरीपासून सुरू होते. तीच तुमची टिक. प्रत्येक हेलकाव्याला दोनदा, जाताना आणि येताना.

गेम बॉयवर हे होत नाही. तिथेही वरचे बिट वेगळ्या रजिस्टरमध्ये आहेत, पण लहर पुन्हा सुरू करायला वेगळा ट्रिगर बिट आहे. तो शून्य ठेवला की नुसती कंपनसंख्या बदलते.

दोन उपाय. पहिला, प्लेअरमध्ये (चिपला आकडे पाठवणाऱ्या कोडमध्ये) वरचा बाइट आधीसारखाच असेल तर ४००३मध्ये लिहायचंच नाही. हे तर करायलाच हवं, पण सीमा ओलांडताना उपयोग नाही. दुसरा, स्वीप युनिटकडून, म्हणजे चिपमधल्या सूर आपोआप सरकवणाऱ्या भागाकडून, वरचे बिट बदलून घ्यायचे. खालचा बाइट २५५ करा, स्वीपची शिफ्ट ७ ठेवून तो सुरू करा, ४०१७मध्ये लिहून फ्रेम काउंटरला लगेच एक ठोका द्यायला लावा. २५५ सात घरं सरकवले की १ उरतो, २५५ अधिक १ म्हणजे २५६. वरचा बिट बदलला, लहर तुटली नाही. मग स्वीप बंद करून खालचा बाइट हवा तो लिहा. उलट्या दिशेला खालचा बाइट शून्य आणि स्वीप वजाबाकीचा. फॅमिकॉमवर लिहिणारे लोक ही युक्ती वर्षानुवर्षं वापरतात.

आणखी एक. रजिस्टरवरून रजिस्टर काढू नका. तार सप्तकाच्याही वरचा सा घ्या, २०९३ हर्ट्झ. गेम बॉयवर तो आधीच गोल करून ६३वर बसलेला आहे. त्याला गुणलंत की ५३.७७ येतात, तुम्ही ५४ धरता, २०७१ हर्ट्झ, जवळपास १८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरलेला. मूळ स्वरापासून हिशेब केलात तर ५३ येतो, साडेचौदा सेंट चढा. दोन्ही थोडे चुकलेलेच, पण दुसरा कमी चुकलेला. दोनदा गोल केलं की चूक साठत जाते. आधी स्वर ओळखा, मग नव्या चिपच्या तक्त्यातून आकडा घ्या.

जुनी_कॅसेट | रविवार, सकाळी ७:३०

वाचनखूण साठवली. पिवळी कॅसेट वाचून एकदम चौथीची सुट्टी आठवली. चिपमधलं काही कळत नाही, पण वाचतोय. शेवटी तो गेम मला हवाय.

अंतरा | रविवार, सकाळी १०:१५

नादलहरी, तुमची चाल दोन्हीकडची चार-चार वेळा ऐकली. मला वाटतं प्रश्न चॅनेलचा नाही, भूमिकेचा आहे. तुम्ही तिसऱ्या चॅनेलचं तिसऱ्यावर ठेवलंत कारण दोन्हीकडे त्याचा नंबर तिसरा आहे. पण वेव्ह चॅनेल हा बहुरूपी आहे. मुखड्यात तो खर्ज होतो, अंतऱ्यात पेटी. त्रिकोण एकच रूप घेऊन बसलाय. त्याला जे जमतं तेच त्याला द्यायला हवं.

आधी खर्ज. तुमचा मुखड्यातला सर्वांत खालचा सा ६५ हर्ट्झचा आहे. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून ६५ हर्ट्झ जवळजवळ येतच नाहीत. गेम बॉयचा स्पीकर तर त्याहून लहान, मग तिथे तो ऐकू कसा येत होता? कारण तुमच्या लहरीत वरचे सुरांश भरपूर होते. मूळ सूर स्पीकरमधून येत नसला तरी वरचे सुरांश ऐकून कान त्याची जागा भरून काढतो. त्रिकोणी लहरीत फक्त विषम सुरांश असतात आणि तेही झपाट्याने विरतात. तिसरा नवव्या हिश्श्याएवढा, पाचवा पंचविसाव्या. कानाला धरायला काही उरतच नाही. म्हणून खर्ज गायब. तो एक सप्तक वर घ्या, १३१ हर्ट्झवर. कागदावर ती वेगळी जागा आहे, कानाला तीच वाटेल.

आता अंतरा. पेटीचा सूर पहिल्या पल्सवर आणा, २५ टक्के ड्यूटीवर, म्हणजे लहर प्रत्येक आवर्तनात पाव वेळच वर राहील अशी. ५० टक्क्यांची चौकोनी लहर पोकळ वाटते, तिच्यात सम सुरांश नसतात. २५ला थोडा नाकातला, पातीचा आवाज येतो, तुमच्या पेटीच्या जवळचा. पहिल्या पल्सवरची साथ दुसऱ्यावर. आणि दुसऱ्यावर जे तुटक तुटक सा-प वाजत होतं, ते सोडून द्या. त्याऐवजी त्रिकोणाला षड्ज धरून ठेवायला लावा. सलग, सूरपेटीसारखा. सूरपेटीला ना चढ-उतार लागतो ना लहान-मोठा आवाज. त्रिकोणाची जी उणीव तुम्ही सांगताय, ती इथे उणीवच राहत नाही.

नादलहरी | रविवार, दुपारी १:०५

अंतराताई, सूरपेटीचं वाचलं आणि जेवण अर्धं टाकून करून बघितलं. अंगावर काटा आला. षड्ज सलग धरल्यावर वरचा ध असा काही लागतो की गेम बॉयवर तो कधीच तसा लागला नव्हता. खूप खूप धन्यवाद.

चिपकार, तुमची स्वीपची युक्ती रात्री घालतो.

पण मुखड्याचा शेवट अजून अडतोय. तिथे वेव्ह चॅनेलचा आवाज मी आधी पूर्ण, मग निम्मा, मग पाव करत नेतो. गेम बॉयवर तेवढेच तीन टप्पे मिळतात, पण मिळतात तरी. त्रिकोणावर एकदम तोडावं लागतंय. डीएमसीवर माझी मूळ लहरच सॅम्पल म्हणून टाकली तर?

चिपकार | रविवार, दुपारी ३:४०

डीएमसीचा मोह मलाही झाला होता. अडचण अशी की त्याला वेग फक्त १६ ठरलेले आहेत, सर्वांत जास्त साधारण ३३,१४४ बिट सेकंदाला. सलग स्वरपट्टी त्यातून निघत नाही. म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्वराला वेगळं सॅम्पल. सर्वांत वरच्या वेगाने ४०८१ बाइटचं, म्हणजे कमाल लांबीचं सॅम्पल एक सेकंदही पुरत नाही. जपानच्या सनसॉफ्टने फॅमिकॉमच्या उत्तरार्धात असा सॅम्पलचा खर्ज वाजवून दाखवला आणि तो ऐकायला जबरदस्त आहे, पण त्यांच्या कॅसेटमध्ये जागाही तशी होती. तुमची कॅसेट केवढी?

जागेवरून आठवलं. काहीजण गेम बॉयची रजिस्टरं फ्रेमगणिक (पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक) टिपून तशीच्या तशी वाजवायचा सल्ला देतील. दोन पल्सचे सहा बाइट, त्रिकोणाचे तीन, नॉइजचे दोन, फ्रेमला ११ बाइट. सेकंदाला ६० फ्रेम, ८० सेकंद : ५२,८०० बाइट. साध्या कॅसेटमध्ये कोडसकट सगळ्याला ३२ किलोबाइट असतात. तेव्हा स्वर लिहा, फ्रेम नको.

त्रिकोणाचा आवाज कमी करायची एक चोरवाट आहे. त्रिकोण, नॉइज आणि डीएमसी एकाच मिक्सरमध्ये मिसळतात आणि तो मिक्सर सरळ रेषेत बेरीज करत नाही. डीएमसीची पातळी ४०११मध्ये लिहून शून्यावरून १२७वर नेली की त्रिकोणाचा आवाज निम्म्याहून खाली येतो, गणिताने ४३ टक्क्यांच्या आसपास. एकदम नेलीत तर धप्प असा आवाज येईल. दर फ्रेमला थोडी थोडी चढवा. नॉइजही सोबत दबतो, हे लक्षात ठेवा. मुखड्याच्या शेवटी तुमचा नॉइज वाजत नाही, म्हणून तिथे चालून जाईल.

गंधार_एडिसन | रविवार, रात्री ९:२०

न्यू जर्सीहून नमस्कार. माझ्याकडे एनईएस, म्हणजे फॅमिकॉमचीच अमेरिकन आवृत्ती आहे, खरा. कुणाला खऱ्या चिपवर ऐकायचं असेल तर फाइल द्या, मी टीव्हीच्या आउटपुटवरून रेकॉर्ड करून टाकतो.

एक विचार. फॅमिकॉमच्या काही जपानी कॅसेटमध्ये जास्तीची ध्वनिचिप असायची. त्यातली नामको १६३ चार बिटांच्या लहरी वाजवते, गेम बॉयच्या वेव्हसारख्याच. तुमचे ३२ आकडे तिच्यात जसेच्या तसे बसतील. मग भूमिका बदलायचा प्रश्नच येत नाही.

सोल्डरगन | रविवार, रात्री १०:०२

नामको १६३ एम्युलेटरवर छान वाटेल, पण यांना माळ्यावरच्या सेटवर वाजवायचंय. फॅमिकॉमच्या ६० पिनांत दोन पिना आवाजासाठी असतात. सेटचा आवाज कॅसेटमध्ये येतो, मिसळून परत जातो. आपल्याकडच्या नकली सेटमध्ये त्या पिना नीट जोडलेल्या असतीलच असं नाही. आणि गंधार, तुमच्या एनईएसच्या ७२ पिनांत तर कॅसेटसाठी ती वाटच नाही.

नादलहरी दादा, तुम्ही आतापर्यंत सगळे हिशेब १७,८९,७७३वर केलेत. तो जपानी-अमेरिकन घड्याळाचा आकडा. माळ्यावरचा सेट आपल्या टीव्हीसाठी बनलेला, ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० नाही, ५० फ्रेमचा. अशा बऱ्याच तैवानी सेटमध्ये प्रोसेसरचं घड्याळ १७,७३,४४८ हर्ट्झ असतं. तुमची चाल तिथे साधारण १६ सेंट उतरेल. तेवढं एकवेळ कळणार नाही. पण प्लेअर फ्रेममागे एकदा चालत असेल तर लय थेट सहाव्या हिश्श्याने मंदावेल. ते मात्र लगेच कळेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं. या नकली चिपांपैकी अनेकींमध्ये ड्यूटीचे दोन बिट उलटे जोडलेले आहेत. २५ टक्के मागितलं की ५० मिळतं, ५० मागितलं की २५. साडेबारा आणि ७५ जागच्या जागी राहतात. अंतराताईंनी पेटीसाठी २५ सांगितलं, ते त्या सेटवर पोकळ बासरी होऊन येईल. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या सेटमध्ये दोन्ही प्रकार बघितलेत. एम्युलेटरवर विश्वास ठेवू नका, कॅसेट भाजून (तिच्या चिपमध्ये प्रोग्राम लिहून) सेटवर लावा.

अंतरा | सोमवार, सकाळी ६:५०

सोल्डरगन, हे वाचून मी रात्रभर विचार करतेय. म्हणजे लहानपणी आपण जे ऐकलं ते मूळ नव्हतंच? मी कॉलेजात असताना पहिल्यांदा मूळ जपानी यंत्राचं रेकॉर्डिंग ऐकलं होतं, ओळखीच्या गेमचं. आवाज पातळ वाटला होता आणि वाटलं, रेकॉर्डिंग खराब आहे. आज कारण कळलं. माझ्या कानात त्या चालींचं जे रूप पक्कं बसलंय, ते उलट्या जोडलेल्या दोन बिटांचं आहे. आणि मला ते तितकंच खरं वाटतं. लाखो मुलांनी तेच ऐकलं असेल.

नादलहरी | बुधवार, रात्री १२:२०

तीन रात्रींचा हिशेब देतो.

सोल्डरगन, तुमच्या घड्याळाने सगळा तक्ता पुन्हा काढला आणि एक विलक्षण गोष्ट दिसली. १७,७३,४४८ने हिशेब केला की गेम बॉयच्या २९८ पिरियडला बरोबर २५२ येतात, म्हणजे रजिस्टरमध्ये २५१. कंपनसंख्या ४३९.८४. गेम बॉयवर जेवढी होती तेवढीच, दशांशापर्यंत! आणि २५१वरून माझा कंप फार तर २५४पर्यंत उतरतो. २५६ला पोचतच नाही. या सेटवर ध ची टिक आपोआप गेली. चिपकार, तुमची स्वीपची युक्ती तरी ठेवलीय, गंधारच्या एनईएससाठी वेगळी फाइल बनवतोय तिच्यात.

लयीचं आधी असं केलं : दर पाचव्या फ्रेमला प्लेअर दोनदा चालवला. पाच फ्रेममध्ये सहा वेळा, म्हणजे ५०चे ६० झाले. लय बरोबर आली पण द्रुत जागी काहीतरी अडखळत होतं. मग लक्षात आलं की माझी एक ओळ (ट्रॅकरमधली सर्वांत लहान पायरी) सहा फ्रेमची आहे. ६० हर्ट्झवर सहा फ्रेम म्हणजे दशांश सेकंद, ५०वर पाच फ्रेम म्हणजेही दशांश सेकंद. ओळच पाच फ्रेमची केली. आता लय अगदी सरळ चालते.

फक्त आवाजाचे उतार पुन्हा काढावे लागले. गेम बॉयमध्ये हे काम चिप करते, सेकंदाला ६४ ठोक्यांच्या हिशेबाने. माझा साथीचा स्वर १०व्या पातळीवरून दर दोन ठोक्यांना एक पायरी उतरतो, म्हणजे ०.३१ सेकंदात संपतो. फॅमिकॉमचा स्वतःचा उतार नेहमी १५वरूनच सुरू होतो, म्हणून तो वापरलाच नाही. प्लेअर दर फ्रेमला पातळी लिहितो, ५० हर्ट्झवर साडेपंधरा फ्रेममध्ये तो स्वर विरतो. आणि इथे मला काहीतरी मिळालंसुद्धा! गेम बॉयवर मधेच आवाज बदलायचा तर स्वर पुन्हा ट्रिगर करावा लागायचा. इथे पातळी हवी तेव्हा लिहा, लहर अखंड राहते. अंतऱ्यातला दुसरा आलाप आता हळूहळू फुगतो. हे मला पहिल्या दिवसापासून हवं होतं.

टाळ मात्र नॉइजवरून काढून टाकला. गेम बॉयच्या त्या धातूसारख्या आवाजाचा नमुना १२७ पायऱ्यांनी फिरतो, फॅमिकॉमचा ९३. माझा टाळ ५१६ हर्ट्झवर होता, सा च्या अगदी जवळ. फॅमिकॉमच्या नॉइजला १६च वेग. जवळात जवळचा जपानी घड्याळावर ६०१वर जातो, या सेटवर ५९६वर. रे च्याही वर, भुपात बसत नाही. आता तिथे साधा लांब नॉइज ठेवलाय, टाळाऐवजी खुळखुळा म्हणा. मन थोडं खट्टू आहे.

अंतरा | बुधवार, सकाळी ७:१०

खट्टू होऊ नका. टाळ दुसऱ्या पल्सवर एक फ्रेम ठेवून बघा, साडेबारा टक्के ड्यूटी, तार सप्तकाच्या वरचा सा, दुसऱ्या फ्रेमला पातळी निम्मी, तिसऱ्याला शून्य. खाली तुमचा खुळखुळा तसाच. साथीचा स्वर दोन फ्रेम दबला तर कुणाला कळणार नाही.

आणि मुखड्यात डग्गा हवाय. त्रिकोण त्यासाठीच जन्माला आलाय. समेवर त्रिकोणाला मध्य सा वरून चार फ्रेममध्ये खर्जापर्यंत घसरवा आणि मग खर्जाचा स्वर सुरू करा. तळहात डग्ग्यावर घासत नेल्यासारखा ‘घे’ निघेल.

चिपकार | बुधवार, सकाळी ९:३५

अंतराताईंच्या सूचनांवर एक प्रसंग आठवला, प्रसंग नव्हे, इतिहास. १९८९ साली निन्टेंडोने टेट्रिस दोन्ही यंत्रांवर काढला. दोन्हीकडचं संगीत हिरोकाझू तानाका यांचं. ते निन्टेंडोत ध्वनीच्या हार्डवेअरवरही काम करत, दोन्ही चिप त्यांच्या चांगल्या ओळखीच्या. तरी गेम बॉयवर सगळ्यांना आठवतं ते रशियन लोकगीत आणि एनईएसवर चायकोव्हस्कीच्या नटक्रॅकरमधला तुकडा. त्यामागची कारणं काहीही असोत, पण एवढा जाणकार माणूसही एकाची चाल दुसऱ्यात ओतत बसला नाही. तुम्ही भूमिका बदलताय, सप्तक बदलताय, वाद्यं बदलताय, ते योग्यच चाललंय.

गंधार_एडिसन | शुक्रवार, सकाळी ८:१५

एनईएसवर लावलं. ध वर टिक नाही. रेकॉर्डिंग टाकलंय. माझी आठ वर्षांची मुलगी शेजारी होती. सूरपेटी सुरू झाली तशी म्हणाली, “बाबा, हे आजीच्या देवघरासारखं आहे.” अंतराताई, हे तुमच्यासाठी.

एक विचारतो. गेम बॉयवर साथ तुम्ही डावीकडे-उजवीकडे फिरवली होती, हेडफोनवर फार सुंदर वाटायची. इथे ते गेलं?

नादलहरी | शुक्रवार, रात्री १०:४५

हो गंधार, ते गेलं. फॅमिकॉम एकाच वाटेने बोलतो. गेम बॉयचा स्वतःचा स्पीकरही एकच, पण हेडफोन लावला की दोन वाटा व्हायच्या. माझे दोन पल्स एकच ओळ किंचित वेगळ्या सुरात दोन कानांत वाजवायचे. इथे ते एकत्र आले की घुमायला लागले, म्हणून दुसऱ्याची ओळ दोन फ्रेम मागे आणि निम्म्या पातळीवर ठेवलीय. गच्चीवरून हाक मारली की समोरच्या इमारतीवरून परत यावी, तशी वाटते. मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

डग्गा जमला. समेवर तो लागला तेव्हा भाऊ स्वयंपाकघरातून पळत आला.

उद्या कॅसेट भाजतो. रिकामा ६० पिनांचा बोर्ड आलाय, २७सी२५६ या मेमरी चिपमध्ये प्रोग्राम आणि तिच्याहून लहान २७सी६४मध्ये चित्रं.

नादलहरी | रविवार, संध्याकाळी ६:३०

कॅसेट लागली. मावशीच्या घरी, जुन्या पोर्टेबल टीव्हीवर, चॅनेल हाताने फिरवून.

खर्ज ऐकू आला. डग्गा ऐकू आला. अंतरा सुरू झाला आणि पेटीच्या जागी बासरी वाजली. सोल्डरगन, तुम्ही म्हणालात तसंच. आमच्या सेटमध्ये बिट उलटे आहेत. आधी अस्वस्थ झालो. मग तसंच पुन्हा लावलं, डोळे मिटून ऐकलं. अंतराताई, तुम्ही परवा म्हणालात ना, कानात बसलेलं रूप. लहानपणी या टीव्हीसमोर बसून जो आवाज ऐकला, तो हाच. माझ्याच चालीत तो पहिल्यांदा ऐकला. मावशी म्हणाली, “हा तुमचा जुनाच गेम ना?” तिने तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता.

तरीही पेटी मला पेटीसारखीच हवी. ५० लिहून २५ मिळवली आणि आता ती तिथे पातीसारखी वाजते.

जुनी_कॅसेट | रविवार, रात्री ८:५०

अभिनंदन! माझाही सेट बाहेर काढलाय. तो उलटा आहे की सुलटा, हे मी कसं ओळखू? मला यातलं काहीच येत नाही.

सोल्डरगन | रविवार, रात्री ९:०५

कानाने ओळखता येतं. एकच स्वर आधी २५ टक्क्यांवर दोन सेकंद, मग ५०वर दोन सेकंद. आधी सनईकडे झुकणारा आणि नंतर पोकळ वाजला तर सुलटा. उलट क्रमाने आला तर उलटा. नादलहरी दादा, तुमच्या कॅसेटमध्ये हे सुरुवातीलाच घाला. प्रत्येकाचा सेट वेगळा निघणार.

नादलहरी | रविवार, रात्री ९:३०

घालतो. पतंगाचं पहिलं चित्र येईल तेव्हा हे दोन स्वर ओळीने वाजतील, खाली लिहिलेलं असेल ‘पहिला आवाज पातीचा आहे ना?’ नसेल तर सिलेक्ट दाबायचं, आतला ड्यूटीचा तक्ता बदलेल. जुनी_कॅसेट, पहिली प्रत तुम्हाला पाठवतो, सिलेक्ट दाबावं लागलं की नाही ते इथे लिहा. टाळ अजून दोन फ्रेम उशिरा लागतोय, तेवढं आज रात्री बघतो.